गेनबा मिस्त्रीची वाकडी दिसणारी भिंत

मंडळी, ऐका! आज मी रागात उभा आहे. टाळकऱ्यांनो, हात जरा आवरा. आधी प्रश्न — डोळ्यानं फसवलं, तर पाप कुणाच्या माथी? डोळ्याच्या, की माणसाच्या?

"महाराज, मी माझ्या या डोळ्यांनी पाहिलं!" — असं छाती ठोकून सांगता ना? अहो, उगवताना चंद्र परातीएवढा दिसतो, डोक्यावर आला की वाटीएवढा! चंद्र काय उपास करून वाळतो? हात लांब करून करंगळीच्या नखानं झाका — दोन्ही वेळेला तेवढाच! डोळा नुसता उजेड आत घेतो हो. काय दिसलं ते ठरवतो मेंदू. आणि मेंदूला भारी घाई! अर्धं बघतो, अर्धं मनानं भरतो, अन् वर शपथ घेतो!

तर कोळंबवाडीत गेनबा नावाचा मिस्त्री होता. वय साठीचं, गळ्यात माळ, चाळीस वर्षं हातात थापी. पंचक्रोशीत त्याच्या कामाला नावं ठेवली नव्हती कुणी. देवळाच्या सभामंडपाची भिंत त्याच्याकडे आली. कमिटीचे अध्यक्ष दिनकरराव म्हणाले, "एक काळी फरशी, एक पांढरी. आणि प्रत्येक ओळ अर्धी फरशी सरकवून. शहरात बघून आलोय मी!"

गेनबानं तसंच केलं. मध्ये राखाडी सिमेंटचे बारीक सांधे. महिनाभर घाम गाळला त्यानं आणि त्याच्या लेकीनं, शेवंतानं. ओळ लावली की ओल टिकायला लगेच तिच्यावर ओलं गोणपाट; अख्खी भिंत उघडी अशी कुणी बघितलीच नव्हती, त्यानंही नाही. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी, सगळा गाव जमलेला असताना ते काढलं —

आणि भिंत वाकडी! एक ओळ डावीकडे उतरलेली, दुसरी उजवीकडे! फरश्या पाचरीसारख्या!

पहिला कोण ओरडला, सांगू? मी! हा तुमच्यापुढे उभा आहे तो! कीर्तनाला बोलावलं होतं मला. म्हणालो, "अहो, ही तर तिरकी आहे!" झालं! महाराज बोलले म्हटल्यावर सगळ्यांना कंठ फुटला.

दिनकरराव कडाडले, "गेनबा, डोळे गेले का तुझे?"

मागून कोणीतरी म्हणालं, "पिऊन लावली असंल!"

अरे, ज्यानं जन्मात थेंब घेतला नाही, त्याला? देवळात? आणि सगळे हसले! कुणी थांबवलं? मी थांबवलं? नाही!

गेनबा हात जोडून म्हणाला, "मालक, एकडाव दोरी लावून बघा की."

"दोरी कशाला? आम्हाला डोळे नाहीत?"

मग गेनबा स्वतः चार पावलं मागं सरला. भिंतीकडे बघितलं. आणि मंडळी, त्यालाही ती वाकडीच दिसली! त्याचं तोंड पांढरं पडलं. "माझ्या हातनं... असं कसं झालं?" एवढंच पुटपुटला. हातोडा उचलला आणि घातला आपल्याच कामावर घाव! एक ओळ फुटली. दुसरी. तिसरी. आम्ही बघत उभे!

इतक्यात भाकरी घेऊन शेवंता आली. तिनं गाठोडं टाकलं, बापाचा हात धरला. "आबा, काय करताय?"

"वाकडी झाली गं."

तिनं त्याच्या खिशातून दोरी काढली. एक टोक या कोपऱ्याला, एक त्या कोपऱ्याला. ताणली. सांधा दोरीला चिकटून, टोकापासून टोकापर्यंत! दुसरी ओळ — तीच गत. सगळी भिंत सरळ! आणि ऐका, दोरी लावल्यावरसुद्धा आम्हाला ती वाकडीच दिसत होती! काळं-पांढरं सरकवून मांडलं की मेंदू चकतोच. माझाही चकला. चकू दे! पण एका माणसानं जीव तोडून सांगितलं, मोजून बघा — तेव्हा मोजायला काय झालं होतं आम्हाला?

दिनकरराव दुसऱ्या दिवशी गेनबाच्या घरी गेले. शेवंता दारातच म्हणाली, "माझ्या बापाला गावादेखत दारुडा ठरवलंत तुम्ही सगळ्यांनी. आता गावादेखत दोरी धरून उभे राहा, ओळी मी लावते." उभे राहिले! अख्खी कमिटी उभी राहिली. तीन ओळी तिनं लावल्या.

गेनबा मात्र आला नाही. त्यानंतर तो कामावर गेलाच नाही. घरच्या अंगणात एक वीट ठेवायची तरी चार वेळा मोजतो, पुन्हा काढतो.

मी गेलो त्याच्याकडे. पाय धरले. तो म्हणाला, "महाराज, तुमच्यावर राग न्हाई. राग माझा मलाच येतोय. दोरी माझ्याच खिशात व्हती. मी बी न्हाई लावली. तुम्ही सगळी म्हनालात, अन् मला बी ते खरंच वाटलं."

ऐकलंत? नुसती भिंत नाही फोडली आम्ही. एका कारागिराचा स्वतःवरचा विश्वास फोडला!

आणि तुम्ही काय खुशीत माना डोलावताय? सून शेजाऱ्याशी दोन शब्द बोलताना दिसली — ठरवलं! मास्तर भर दुपारी झाडाखाली आडवा दिसला — दारुडा ठरवला! ताप होता का विचारलंत? तिला बोलू दिलंत? तुमच्यातल्या प्रत्येकाला आत्ता एक तोंड आठवलं असेल. आठवलंच असेल, खाली बघू नका!

उद्या सकाळी त्या माणसाच्या दारात जा. क्षमा मिळेलच असं नाही. मला गेनबानं केली, तरी माझी मान अजून वर होत नाही. आता देवाचं नाव घेऊ. पण आज मोठ्यानं नको. ज्याच्यावर अन्याय केलात, त्याचं नाव आधी मनात घ्या — मग देवाचं.