नळीतला विस्तव

हॅलो?… कोण, आस्टा? बोल गं… हो, हो, सीनेच्या लग्नाचे फोटो मिळाले. अगदी आपल्या आईवर गेलीय… हो ना, नातीचं लग्न आमच्या एस्किलनं डोळ्यांनी पाहिलं, तेवढं बरं झालं… कसा असणार? नाकात नळी, उशाशी ते ऑक्सिजनचं मशीन. दिवसभर घुर्र, घुर्र…

अगं ऐक ना. आज चार मे. साडेआठ वाजले आणि माझा हात सवयीनं काडेपेटीकडे गेला… हो, दोन्ही मेणबत्त्या मांडल्या होत्या खिडकीत. महायुद्ध संपलं, जर्मन हरले, त्या संध्याकाळी आईनं उजेड लपवायचे काळे पडदे ओढून काढले आणि खिडकीत मेणबत्त्या लावल्या, तेव्हापासून एक वर्ष चुकलेलं नाही… नाही, काडी ओढली नाही. ऑक्सिजनजवळ ज्योत म्हणजे भडकाच. एस्किलच ओरडला, "हेर्डिस, नळीतून विस्तव येतोय!"

भ्रमिष्ट नाही गं! त्याचं ते जुनंच. लोहार माणूस, चाळिशीत अक्षरं शिकला. मास्तरांनी सांगितलं, आपल्या डॅनिशमधला 'इल्ड', म्हणजे विस्तव, आहे ना? त्यावरून आपल्याच एका पंडितानं ऑक्सिजनला 'इल्ट' हे नाव घडवलं. घरी येऊन मला म्हणतो, "जन्मभर भात्यानं निखाऱ्याला हेच पाजलं, नाव मात्र आज कळलं"… आणि स्वीडनवाले त्यालाच आंबट म्हणतात… हो, तोंडंच तशी त्यांची!

हसू नकोस. आता हट्ट धरलाय. पाव तास नळी काढ, पण मेणबत्ती लाव… कशी काढू? परवा जरा निसटली तर ओठ निळे पडले… रडत नाहीये मी…

काय म्हणालीस?… बाहेर? जॅमच्या बरणीत?… थांब, फोन हातातच आहे… दार ओढून घेतलं. खिडकीखालच्या बाकावर ठेवते… समुद्रावरून वारा आहे गं… विझली… हं, लागली. दुसरीही लागली.

आकाश अजून दुधासारखं आहे… काचेतून दिसतोय मला. बघतोय, आस्टा. ज्योत त्याच्या श्वासाबरोबर हलतेय असं वाटतं… भाता मारतात ना, तसा हात वरखाली करतोय… काहीतरी बोलतोय. ऐकू येत नाही, मध्ये काच आहे… नाही, आता नको. ठेवते. आत जाते त्याच्याजवळ.

हेर्डिसनं फोन ठेवला. एस्किल लोहार नऊ मेला, बुधवारी सकाळी वारला.