अंगणात उभी करायची गाडी

अकोल्याहून अमरावतीला येणाऱ्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर वलगावचं एक जोडपं बसलं होतं. अकोल्यात एक जुनी, पण भारी मोटार पाहून दोघं परतत होती.

"गादी काय मऊ होती, सुभद्रा!"

"मी धूर पाह्यला. इंजन उघडा लागते म्हने."

"इंजन कोनाले दिसते? रविवारी पोरीवाले आपल्या शिवमचं घर पाहाले येऊन राहिले. अंगनात गाडी उभी दिसली का झालं."

"आन् एक चक्कर मारू म्हनले त?"

"चाबी हरपली सांगू."

"आन् पोरगी घरात आल्यावर?"

"मंग कोन गाडी पाह्यते?"

"लगनाच्या आधी माह्या बापानं तुमच्या गोठ्यात बैलजोडी पाह्यली होती. कोनाची होती ते?"

"आता ते काहून काढून राहिली?"

"सांगा ना."

"भातकुलीच्या मामाची."

"लगनाच्या दुसऱ्या दिवशी मी कडबा घेऊन गेली. गोठा खाली, बैलच नाही."

"आजवर बोलली नाही तू."

"कोनाले बोलू? कडबा तसाच वापस आनला."

बडनेरा आलं तसा तो तिच्याकडे वळला.

"मंग शिवमची फटफटी धुऊन ठेवू का?"

"ठेवा. चाबी लावूनच ठेवा."