घरी कधी न्यायचं

—रडून घे, इथेच रडून घे. आत रडलीस तर तुझा नवराच तुझी समजूत काढत बसेल. त्याला आजच दाखल केलंस ना? वाटलंच, दोन पायांत दोन वेगळ्या चपला आहेत तुझ्या! असू दे गं, इथे कोण बघतंय. माझी धाकटी बहीण आहे आत. कानात आवाज यायचे तिला. हे बघ, इथे नातेवाईकांची बैठक असते, समाजसेविका बाई सगळ्यांना गोल बसवतात, मन मोकळं करा म्हणतात — तू येच. मला पुढे बसवतात त्या, सगळ्यांना सांगतात, ताईंकडून शिका, कसं न कंटाळता करायचं ते. करतेच मी! तिचे केस विंचरते, नखं कापते. तिच्या नवऱ्याने तर केव्हाच हात झटकले. तिची लेक माझ्याकडे असते — इतकी गोड पोर! आधी मावशी म्हणायची, आता आई म्हणते. मी नाही हं शिकवलं. म्हणजे — एकदा चुकून म्हणाली, मी टोकलं नाही, एवढंच. मला कुठे मूलबाळ आहे? बहीण विचारते, पोरीला आणत का नाहीस गं ताई? मी सांगते, घाबरते ती तुला. खोटं कसलं? आणली असती तर घाबरलीच असती की! ते ऐकून बहीण रडली बिचारी, भिंतीकडे तोंड करून. रडू दे. आणि पोरीला सांगून ठेवलंय, तुझी आई बरी होणारी नाही. होणारी नाही म्हणजे — झालीय. डॉक्टर कधीचे मागे लागलेत, घरी न्या, गोळ्या तेवढ्या चालू ठेवा. मी म्हणते, अहो, गेल्या वेळी अंगावर धावून आली माझ्या. नव्हती आली. पण पुढे येणार नाही हे डॉक्टर लिहून देणार आहेत का? आणि एका घरात दोन आया कशा नांदतील, तूच सांग. —अशी काय बघतेस? उठलीस? बस, बस त्या बाकावर जाऊन. आज सकाळी आलीयेस, म्हणून नाक मुरडतेस. थोडे दिवस जाऊ देत, घरातली शांतता अंगवळणी पडली ना, की डॉक्टर 'न्या' म्हणाले तरी तुझेही पाय जड होतील — काय सिस्टर? माझ्या बहिणीने पिशवी भरून ठेवलीय? डॉक्टरांनी तिलाच सांगितलं, आज घरी जायचं म्हणून? दारापाशी उभी आहे? हळू बोला ना जरा. तिला सांगा — ताई आलीच नाही आज.