शंभरातली दोन

मला आजवरचा सगळ्यात अवघड प्रश्न परीक्षकांनी नाही, आमच्या गावच्या बापूंनी विचारलाय. दोन हजार नऊ साल. मी पुण्याहून वेंगुर्ल्याजवळ घरी आले होते आणि देवळात गावकऱ्यांना माझी पीएचडी समजावत होते. म्हटलं, एन्झाइम हा आमचा चाकू. त्याने भाताच्या पेशीतला जनुक नेमका कापायचा आणि तिथे हवा तो तुकडा जोडायचा.

बापू जन्मभर काजूची कलमं बांधणारे. म्हणाले, “कापतंस, जोडतंस, तां कळलां. शंभरातली जगतत किती?”

हाच प्रश्न गाईडनी विचारला की मी टोलवायचे. देवळात खोटं बोलवेना. “दोन,” म्हटलं.

बापू हसले नाहीत. “पयल्या वर्सा माझां एकव कलम जगाक नाय. तुझो हात बरो आसा.”

मी खूश होऊन गप्प बसले. तेवढ्यात मागून आई म्हणाली, “पयलां खंयचां? ह्यां तिचां चवथां वर्स.”

बापू माझ्याकडे वळले. “मगे चाकू बदल गो.”

गाईडनीही तेच सांगितलं होतं, फक्त चार पानी ईमेल लिहून.