काडी नसलेली कुंडी

कुंडीवरची चिठ्ठी मीच लिहिलीय, ताई — शुद्धलेखन चुकलं असेल तर माफ करा, सातवीत शाळा सुटली माझी, साधेच शब्द येतात. पण ‘शाकीय’ बरोबर आहे, तो बाबांनी घटवून घेतलेला. मेलं म्हणून परत आणलंत ना? मेलेलं नाही हो. शाकीय म्हणजे काय — ज्याच्या खोडाचं लाकूड होत नाही असं झाड. काही एका हंगामात कायमची संपतात, पण हे त्यातलं नाही — थंडीत वरचं सगळं वाळतं, भुईसपाट होतं, आणि खाली मूळ जिवंत. झोपलंय, असं बाबा म्हणायचे. अशा कुंडीत आमच्या रोपवाटिकेत निळी काडी खोचतात — काडी दिसली की ती कुंडी उपडी करायची नाही. तुमच्या कुंडीत आहे बघा. उकरून पाहिलंत वाटतं? सगळेच पाहतात.

अशा झोपणाऱ्या झाडांपैकी एकाच कुंडीत काडी नव्हती. माझी धाकटी बहीण गेली, त्या वर्षी बाबांनी लावलेलं झाड — पायरीपाशी असायचं. त्याला कशाला काडी, बाबांना ते पाठच होतं. मग बाबा दवाखान्यात, आणि मला वाटलं, ते घरी येईपर्यंत सगळं चकाचक करून ठेवावं — नको तिथं शहाणपणा. बिनकाडीच्या सगळ्या कुंड्या उपड्या केल्या, फावड्यानं माती कालवली, चाळली. चाळणीत मुळाचे तुकडे उरले तेव्हा कळलं. पायरीपाशी गेलो — कुंडीचा ओला गोल तेवढा होता.

बाबा रोज विचारायचे, “छोटी उठली का रे?” झाडालाच छोटी म्हणायचे. काय सांगणार? उठली म्हटलं. किती कोंब? दोन. दुसऱ्या दिवशी तीन. मला खोटं जमत नाही, कान लाल होतात — पण त्यांचा चेहरा असा खुलायचा, की मी चार केले. एका संध्याकाळी म्हणाले, “रंग कसाय?” हिरवागार, म्हटलं मी. बाबा वर छताकडे बघत राहिले. तिचा कोंब तांबडा निघतो, ताई — तांबडाच, हिरवा मागाहून होतो. मला कुठे ठाऊक, मी आपला गोण्या वाहणारा. “बरं,” म्हणाले, “पाणी बेतानं घाल.” एवढंच. रागावले असते तर — जाऊ द्या, तुम्ही तरी कशाला ऐकताय हे.

अजून झारी भरताना बाबा मागून विचारतात, किती कोंब. मी वळून बघत नाही.

न्या, ताई, न्या ही परत. आणि काडी — तेवढी काडी काढू नका. त्या संध्याकाळनंतर, दुसऱ्या दिवशी सकाळीच निरोप आला, बाबा गेले म्हणून. मी लगेच दवाखान्यात नाही गेलो. आधी ती रिकामी कुंडी मातीनं भरली, पायरीपाशी ठेवली, मधोमध निळी काडी खोचली आणि पाणी घातलं. बेतानं.