बाकावरचा मोबाईल अन् रांगेतला हंडा

...तर शाळेनं मोबाईल मागितला! आता तुम्हीच सांगा, ज्या शाळेनं मागल्या साली भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं व्हतं की मोबाईल आणू नये, आणला तर जप्त, त्याच शाळेनं औंदा पालकांना बोलावून म्हणावं की नंबर द्या, फोटो द्या, मोबाईल चालू ठेवा... मला नाय पटलं. म्या तिथंच आमच्या सुगंधाबाईला, म्हंजे बायकोला, कोपरानं ढोसलं. म्हणलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

ती म्हणली, "मुरंना का. आपल्या नळाला तर येत नाय."

तुम्हाला सांगतो, संशय हा आमचा खानदानी धंदा हाय. बाप मेंढरं राखायचा, म्या बी राखली, लांडगा कोणत्या बाजूनं येईल ह्याच इचारात निम्मी जिंदगी गेली. मंग दुष्काळ पडला, चारा सरला, मेंढरं पाचोडच्या बाजारात गेली अन् आम्ही शहरात, गारखेड्याच्या पार शेवटाला आलो, जिथं औंदा शेत दिसतं अन् पुढल्या साली तिथंच बारा मजले उभे ऱ्हातात. तिथल्या एका बिल्डिंगीवर म्या रातपाळीचा वॉचमन. म्हंजे काम तेच, फक्त मेंढरांच्या जागी सिमेंटच्या गोण्या. अन् मेंढराचा सौदा कसा व्हतो, बघितलाय कधी? रुमालाखाली! दोघांचे हात रुमालात, बोटं दाबली की भाव ठरला, शेजारच्याला पत्ता नाय. त्यामुळं कोणी उघड्यावर, माईक धरून, आपला फायदा सांगाय लागला की माझे कान उभे ऱ्हातात.

अन् अजिनाथ सर माईक धरूनच व्हते. सातवीचे वर्गशिक्षक, तरणाबांड गडी, आवाज असा की जसं काय इलेक्शनला उभा हाय. "पालकहो, आपण वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप करणार आहोत! वर्गाचं फेसबुक पेज करणार आहोत! भिंतीवर प्रोजेक्टर लावणार आहोत! आपली मुलं जगाशी जोडली जाणार आहेत!"

म्या म्हणलं, सर, आधी पाइपलाइनीला जोडा.

सगळे हसले, सर बी हसले. सर हसले म्हणून माझा शक अजूनच वाढला. म्या इचारलं, आमच्या पोरींचे फोटो अख्खं जग बघणार व्हय? "नाही हो काका, चेहरे दाखवणारच नाही." मंग फोटो काढायचा कामून?... सर पुन्हा प्रोजेक्टरवर घसरले! बघा, म्हणलं नव्हतं, कुठंतरी पाणी मुरतंय?

आता आमची प्रांजली. सातवीत. हुशार पोरगी, बापावर गेली नाय. पण टँकरचा दिवस आला की तिची शाळा बुडायची. कारण टँकरचा नेम नाय, सकाळी येतो म्हणतो अन् दुपार टळली की उगवतो, वरून ड्रायव्हर आपल्यालाच खेकसतो, "ए, लाइन में आव रे, धक्का नको मारू!" तर सकाळीच हंडा नेऊन नंबर लावायचा. अन् आमच्या गल्लीचा कायदा हाय, हंडा ठेवला म्हंजे माणूस उभा. कोणी त्याला हात लावत नाय. शेजारच्या कडूबाईची चेमटलेली कळशी असते रांगेत, तिला बी मान हाय. पण माझा जीव नाय ना ऱ्हात! कोणी सरकवला तर? म्हणून म्या हंड्यापाशी पोरगी बसवायचो. म्या रातपाळी करून झोपलेला, सुगंधाबाई चार घरची कामं करायला गेलेली, मंग बसणार कोण?

सर म्हणले, "काका, इतकी गैरहजेरी राहिली तर पोरगी मागं पडेल. पुढं शाळाच सुटेल तिची."

म्या ठसक्यात म्हणलं, सुटली तर सुटली. असं म्हणलो खरं, पण शेजारी उभ्या पोरीचं तोंड एवढंसं झालं, तवा शब्द माघारी घ्यावा वाटला. खोटं कशाला बोलू.

सर म्हणले, "म्हणून तर हा सगळा खटाटोप! धड्याचा व्हिडिओ मोबाईलवर येणार. मोबाईल असला की पोरगी वर्गात असल्यासारखीच!"

मोबाईल असला की पोरगी वर्गात... आता ह्याचा अर्थ तुम्ही काय घेतला असता? म्या म्हणलं, अरे, हा तर आमच्या गल्लीचाच कायदा! पुढल्या टँकरच्या दिवशी म्या मोबाईल रुमालात गुंडाळला, शाळेत गेलो, प्रांजलीच्या बाकावर ठेवला, वर तिचं दप्तर टेकवलं, अन् घरी येऊन निवांत झोपलो. हंडा रांगेत, पोरगी हंड्यापाशी, मोबाईल वर्गात. सगळे हजर.

सरांना वाटलं, कोणी तरी इसरलं. पण कडूबाईनं मला जाताना बघितलेलं! ती बाई गल्लीत खबर पोचवायला टँकरपेक्षा जलद. पुढल्या खेपेला सर वर्गात आले, फळ्याकडं तोंड करून म्हणले "पुस्तकं उघडा", तर मागून हलगी कडाडली. कडूबाईच्या मोबाईलची घंटी ती. वळून बघतात तर पोरं मोजकीच, अन् बाकाबाकावर मोबाईल. कोणाचा पिशवीत, कोणाचा ओढणीत, एकाला तर नजर लागू नये म्हणून काळा दोरा.

संध्याकाळी सगळ्या पालकांना बोलावणं. सगळ्यांची बोटं माझ्याकडं. म्या ठाम. म्हणलं, सर, तुम्हीच म्हणलात.

सरांनी कपाळाला हात लावला. "काका, मोबाईल घरी ठेवायचा होता. पोरीनं धडा बघायला."

म्हंजे बाकावर मोबाईल ठेवला तर पोरगी हजर नाय?

"नाही हो."

असं कसं? हंडा ठेवला तर माणूस हजर व्हतो की!

तवा मागून प्रांजली बोलली. मोठ्यानं नाय, हळूच. "आबा, हंडा ठेवला म्हंजे माणूस हजर, व्हय ना? मंग म्या कामून बसते तिथं?"

तुम्हाला सांगतो, उभ्या जिंदगीत लांडग्यानं बी मला असं कोंडीत धरलं नव्हतं. वरून कडूबाईनं मीठ चोळलं, "मल्हारीभाऊ, गल्लीत हंड्याला राखण बसवली ती आधी तुम्ही. तुमची पोरगी बसती, म्हणून आमच्या जीवाला घोर, म्हणून आमची लेकरं बी बसत्यात." म्हंजे वर्गातली बाकं रिकामी कोणी केली? दुष्काळानं नाय. म्या! लई लाज वाटली.

पण संशय काय सर्दी हाय, गुळणी केली अन् गेला? म्या म्हणलं, सर, पोरगी पाठवतो, पण हंड्यावर नजर कोणाची?

सरांचे डोळे चमकले. मला तवाच कळलं की आता तंत्रज्ञान येणार. "काका, तुमचा मोबाईल रांगेसमोर लिंबाच्या झाडाला बांधा. व्हिडिओ कॉल लावा. मी वर्गात प्रोजेक्टरला जोडतो. भिंतीच्या कोपऱ्यात हंडे दिसतील. टँकर वळला की दोघं-तिघं सोडतो, बाकीचे शिकतील."

बांधला. मेंढराच्या दाव्यानं बांधला. मोबाईलमधून सरांचा आवाज आला, "काका, सगळे हंडे दिसतात, जा, झोपा आता!" अन् पाठोपाठ प्रांजली, "आबा, म्या हजर हाय." काय सांगू, मेंढरं इकल्यापासून इतकं हलकं वाटलं नव्हतं. वळलो घराकडं...

अन् पाय थांबले. हंड्यावर नजर मोबाईलची, हे ठीक. पण मोबाईलवर? भर रस्त्यात झाडाला लटकवलेल्या मोबाईलवर नजर कोणाची?... कुठंतरी पाणी मुरतंय!

तवापासून दर टँकरला हेच चाललंय. पोरगी वर्गात, हंडा रांगेत, मोबाईल झाडाला, अन् मोबाईलची राखण करत झाडाखाली म्या. रातपाळीचा माणूस, डोळा लागणारच. सर सांगत व्हते, भिंतीवर हंडे नीट दिसतच नायत, मधी माझंच डोकं डुलतं. पोरं शाळेत शिकत्यात म्हणं, अन् जगाशी जोडला गेलो म्या... घोरत.