दहाव्याचा पेला

मी आसेगावचा, बापा. आमचे आजे धम्मात आले तवापासून घरात भूत नाई, पितर नाई, पान वाढनं नाई. बाप मजुरी करे, मी नागपूरच्या हॉटेलात भांडे घासाले लागलो, मंग तिथच्या बारवर एका म्हाताऱ्या गोवेकरानं हाताखाली घेतलं. आता कारंज्याच्या बारवर हाओ. इथं काय, क्वार्टर अन् सोडा. पन धनजचे नानासाहेब येत, रिटायर इंजिनेर, त्याइले जुन्या जमान्यातलंच लागे. स्कॉच, लाल गोडसर व्हर्मूथ वाइन, अन् वरून जडीबुटीची लिकर जराशी, शहदावानी गोड अन् मागून कडू. काय सांगू तुमाले, हे डब्यात खळखळ हलवाचं नाई, हलवलं का गढूळ होते, हे बर्फात लांब चमच्यानं ढवळाचं, चमच्याची पाठ काचेले लागून फिरली पाह्यजे, गपचूप. नानासाहेब लय खट मानूस, पन मले जीव लावत.

ते थंडीत गेले. दहाव्याले मी जानार नोतो, आमच्यात ते नसते. तं त्या दिवशी सकाळीच त्याइच्या पोरीचा, सुनंदाचा फोन. देवाकाका, पिंडाले कावळा शिवून नाई राह्यला, तुमी बाबाचा पेला घेऊन या, अन् रडून राह्यली. कावळा शिवला नाई तं मेलेल्या मानसाचं काईतरी राह्यलं, तो अडकला, असं म्हंतेत. मी मानत नाई, पन पोरीचं रडनं तं खरं होतं ना. बाटल्या घेतल्या, थर्मासात बर्फ घेतला, गाडीले किक मारली.

नदीवर गेलो तं बाभळीवर कावळेच कावळे, अन् एकही ओरडून नाई राह्यला. असे कावळे मी जल्मात नाई पाह्यले. सारे पिंडाकडं तोंड करून चूप. भावकीनं सारं कबूल करून पाह्यलं होतं, पोरीले अंतर देनार नाई, तुमच्या हातचं आंब्याचं झाड तोडनार नाई. महाराज म्हने, दर्भाचा कावळा करू अन् उरकून टाकू, ऊन व्हऊन राह्यलं. सुनंदा म्हने, गवताच्या कावळ्यानं माहा बाप सुटते काय?

मी उकिडवा बसून ढवळलं, पेला पिंडापाशी ठेवला. एक कावळा खाली आला. चोच नाई लावली. मान वाकडी करून पाहून राह्यला, पिंडाकडं नाई, सुनंदाकडं नाई, माह्याकडं. भेव वाटलं मले, खोटं काहून बोलू. मंग ध्यानात आलं. बारवर मी पेला देयाच्या आधी एक थेंब हाताच्या पाठीवर घेऊन चाखतो, आमच्या धंद्याची रीत हाय ते. नानासाहेब त्याशिवाय ओठाले लावत नसत. त्याइच्या बापाच्या काळात घरी आमच्या लोकाइचा कप येगळा राहे, गोठ्यात, ते त्याइले सलत होतं. देवा, आधी तू, मंग मी, म्हनत. अन् इथं मी नैवेद्य उष्टा नोको म्हून चाखलंच नाई.

घेतला थेंब. भावकीतला म्हातारा वरडला, अरे उष्टं करतं काय, अन् तेही तू! सुनंदा म्हने, करू द्या. मी हाताची पाठ जिभेले लावली, तशी त्या कावळ्यानं पेल्यात चोच बुडवली, पिंडातलं शीत उचललं, अन् सारं झाडच्या झाड उडालं. पोरगी माह्या गळ्यात पडली, सुटले माहे बाबा, म्हने.

आता तुमाले म्हून सांगतो, कोनाले सांगितलं नाई. दिवे लागले का सारे कावळे झाडावर जातेत, अन् एक बारच्या मागच्या खिडकीत येऊन बसते. हाकललं तं हालत नाई. त्या पेल्याचं गिऱ्हाईक कारंज्यात कोनी नाई, तरी मी रोज एक करतो, थेंब चाखतो, तवा ते उडते. ते लिकर इकडं भेटत नाई, नानासाहेबानं आनलेली बाटली बुडाशी आली, सरल्यावर काय व्हईन मले मालूम नाई. अधूनमधून सुनंदाचा फोन येते पुन्याहून, बाबा सुटले ना हो काका? मी खिडकीकडं पाठ करतो अन् म्हंतो, सुटले माय, कवाचेच सुटले, तू सुखात राय.